अवधाणावर बिब्बा घालू नका

महोदय,

पाऊस लागला की पोरांच्या पायाला काटा, काच, चिखल्या हे ठरलेलंच. मग जांघेत गाठ येते, पोरगं लंगडायला लागतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "अवधाण आलंय, बिब्बा घाला." नुकतीच आमच्या गल्लीतल्या एका आठ वर्षांच्या मुलाची जांघ मी पाहिली. बिब्ब्याच्या तेलानं कातडी काळी पडून फोड आले होते. त्याच पायाच्या टाचेत बाभळीचा काटा मात्र तसाच होता, त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या बाईला हे पाहून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

काटा घुसला की तिथल्या पेशी रसायनं सोडतात आणि शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांची आतली भिंत चिकट होते. रक्ताबरोबर वेगानं चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथं अडखळतात, भिंतीवरून घरंगळतात, घट्ट चिकटतात आणि दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. पू म्हणजे बहुतांशी अशाच कामी आलेल्या पेशी. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला, तेव्हा दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या होत्या. क्वचित एखादं बाळ ही चिकटण्याची ताकद नसतानाच जन्मतं. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी ढिगानं असतात, पण जखमेत पू धरत नाही, नाळ वेळेवर गळत नाही आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती पाहिल्या की मला हा आजार आठवतो. पेशी नुसत्या असून भागत नाही, त्यांना जागेवर पोचावं लागतं.

आता जांघेतल्या गाठीचं. कातडीत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशी असतात. 1973 मध्ये त्यांचं पहिलं वर्णन करणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना 2011 चं नोबेल मिळालं. या पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लसिका हा अंगातला पाणीदार रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेतल्या ग्रंथीत जातात. तिथं लिम्फोसाइट या जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची सतत ये-जा असते. प्रत्येकीला एखादाच आकार ओळखता येतो, म्हणून एका ग्रंथीत साधारण अर्धा ते एक दिवस शोध घ्यायचा, नाही सापडलं तर लसिकेतून परत रक्तात आणि पुढच्या ग्रंथीत, असं त्यांचं आयुष्यभर चालतं. जंतू आल्याची खबर लागली की ग्रंथीत येणाऱ्या पेशी वाढतात आणि बाहेर जायची वाट काही काळ बंद होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला माणसं चढतच राहावीत आणि उतरणारं कुणी नसावं, तशी तिथं दाटी होते. त्यात नेमकी पेशी सापडली की तिच्या हजारो प्रती तयार होतात. म्हणून ग्रंथी सुजते, ठणकते. काही दिवसांनी तयार झालेल्या पेशी बाहेर पडून रक्तातून थेट त्या टाचेपर्यंत जातात.

एवढं काम चाललेल्या जागेवर आपण बिब्बा घालतो, डाग देतो, नाहीतर चोळून चोळून ती लाल करतो! जुन्या माणसांना जांघेतल्या गाठीची धास्ती वाटते ती उगाच नाही. प्लेगची गाठ इथंच यायची आणि शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरनं प्लेग सोसलाय. पण आज गाठ दिसली की आधी पाय बघा, टाच आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. काखेत गाठ असेल तर हात, मानेला असेल तर दात, घसा आणि डोक्यातल्या उवांचे चावे. तान्ह्या बाळाला डाव्या दंडावर बीसीजी ही क्षयाची लस दिल्यावर डाव्या काखेत लहानशी गाठ कधी कधी येते, तीही चोळायची नाही. जखम साबण-पाण्यानं धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं देऊ नका.

ताप आला, गाठ लाल-गरम होऊन मऊ पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-तीन आठवड्यांत ती उतरली नाही, वाढतच गेली किंवा दगडासारखी कडक लागली, तरीही थांबू नका. मानेतली गंडमाळ पुष्कळदा क्षयाची असते. सुईनं नमुना घेऊन ती तपासता येते, आणि सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधं मोफत आहेत.

आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर, उसाच्या पट्ट्यातल्या गावांपर्यंत पोचेल अशा बेतानं, ही माहिती दर पावसाळ्यात ठळकपणे छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
कोल्हापूर