रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना आभार पत्र

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातलं नागपूर, त्यामुळे भावाच्या पोटदुखीला सगळे 'ऊन लागलं असेल, गॅस असेल' असंच म्हणत होते. तुम्ही पोट दाबून पाहिलंत. पोट मऊ होतं आणि तो मात्र गडबडा लोळत होता. तुम्हाला खटकलं ते नेमकं हेच. तुम्ही त्याच रात्री डाय देऊन सीटी स्कॅन करायला लावलात आणि आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत गुठळी सापडली. गुठळी वाढू न देणारं हेपरिनचं इंजेक्शन लगेच सुरू झालं. उशीर झाला असता तर आतडं सडून कापावं लागलं असतं. ते वाचलं.

पण मी लिहितेय ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. एवढ्या तरुण माणसाला अशा जागी गुठळी का, हा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत. "घरात कुणाच्या पायात गुठळी झाली होती का?" असं विचारलंत, तेव्हा आईला काकांचा सुजलेला पाय आठवला. आम्ही लगेच तपासणीच्या मागे लागलो, तर तुम्ही थांबवलंत. गुठळी ताजी असताना आणि वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस (रक्तात नको तिथे गुठळी होऊ न देणारी प्रथिनं) एरवीही कमीच दिसतात, त्यावरून निदान करायचं नाही, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. काही महिन्यांनी, औषध बदलून, तपासणी झाली. प्रोटीन एस खरंच कमी निघालं.

मग माझी पाळी. आईबापांपैकी एकात हा दोष असला की प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. बाबांना कधीच काही झालं नाही. दोष असूनही जन्मभर गुठळी न होणारे पुष्कळ असतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. माझ्यातही तो निघाला. मी तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या घेत होते! त्यांनी गुठळीचा धोका आणखी वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून त्या बंद केल्या. ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तर आधी सांगायचं, हे आता माझ्या फाइलवर ठळक लिहिलंय.

भाऊ बरा आहे. वॉरफरिनवर त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, दोन ते तीनमध्ये राहतो. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून मेथी-पालक सोडायची नाही, फक्त प्रमाण रोजचं सारखं ठेवायचं, हे तुमचं सांगणं वहिनी काटेकोर पाळते.

काकांचा मुलगाही आता तपासणीला तयार झालाय. त्याला तुमच्याच ओपीडीत घेऊन येते.

तुमची ऋणी,
एका पेशंटची बहीण, नागपूर