वाशिष्ठीचं कसं करायचं विचारलंस म्हणून

प्रिय मन्या,

फोनवर म्हणालास की तुम्ही चिपळूणची चार-पाच जण मिळून वाशिष्ठीकाठच्या जुन्या माणसांकडून नदीची माहिती गोळा करायची म्हणताय, आणि मी इकडे मुंबईत हेच करतो म्हणून माझा प्रश्नांचा फॉर्म पाठव. अरे फॉर्म नाहीये माझ्याकडे, आणि असता तरी दिला नसता. फॉर्म घेऊन गेलं की माणसं फॉर्मपुरतीच बोलतात. नदीत कुठले मासे मिळायचे, असं विचारलं की "लय मिळायचे, आता काय नाय" एवढ्यावर विषय संपतो, चहा येतो, आणि आपण घरी.

आमची दहिसर नदी तुला माहितीये, म्हणजे तू तिला नालाच म्हणायचास. तुळशी तलावाकडून निघते, नॅशनल पार्कातून खाली येते आणि १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. पार्कात आहे तोवर तळ दिसतो, बाहेर पडली की तबेल्यांचं शेण, वस्त्यांचं सांडपाणी, मग तू म्हणतोस तेच. तिच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर एक वारली आजी आहेत, त्यांना मी मासे-बिसे काहीच विचारलं नव्हतं, फक्त नदीपर्यंत येता का एवढंच म्हटलं. त्या खाली उतरल्या, पाण्यात हात घालून एक दगड अलगद उचलला, खालचा खेकडा दाखवला (पकडायला बंदी आहे, त्यामुळे फक्त दाखवला), आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खळग्यात परत बसवला. मी विचारलं एवढं नीट कशाला, तर म्हणाल्या उलटा ठेवला तर बुडाचं सगळं मरतं ना बाबा, मग पुढच्या वर्षी काय दगड खायचा? हे कुठल्या कॉलममध्ये लिहिणार सांग. हॉलमध्ये खुर्च्या मांडून बसलो असतो तर हे त्यांना सांगावंसंच वाटलं नसतं, कारण त्यांच्या लेखी ती माहिती नाहीच, ती हाताची सवय आहे.

म्हणून पहिली गोष्ट, नदीवर चालत चालत बोला. फोन शर्टाच्या खिशात ठेवा आणि माईकवर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर नुसता वारा ऐकू येतो. पावसात शूटिंग करायला जाऊ नका, फक्त आवाज घ्या, कॅमेरा काढला की सगळे ताठ होऊन शुद्ध बोलायला लागतात!

दुसरं, सालं विचारू नकोस. कोणाला सन आठवत नाही, पण नक्षत्र आठवतं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, ओहोळ नदीला मिळाले, की मासे अंडी घालायला उलट वर चढतात, ती वलगण. ती कुठल्या ओढ्याला आधी लागायची, कुठल्या शेतात मासे शिरायचे, रात्री बत्ती घेऊन कोण जायचं, हे ठाणे-रायगडकडची माणसं असं सांगतात जसं काल घडलंय. तुमच्याकडेही सांगतील. आणि मग हळूच विचारायचं की तो ओढा आता कुठंय, तिथं खरी गोष्ट सुरू होते, कारण ओढ्याच्या तोंडाशी कुणीतरी भिंत घातलेली असते नाहीतर पाईप टाकलेला असतो, मासा वर चढणार कसा. मासे कमी झाले याचं कारण सगळे प्रदूषण म्हणून मोकळे होतात, पण वाट बंद झाली हे त्या ओढ्यावर राहणारा माणूसच सांगू शकतो.

भिंतीवरून आठवलं. इथे २६ जुलै २००५ नंतर, ९४४ मिलिमीटर पावसाचा दिवस रे, नद्यांच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालायचं काम चालू झालं ते अजून चालूच आहे. पुराचं पाणी भरभर खाली जावं म्हणून, ठीक आहे, समजू शकतो. पण काठावरच्या एका मावशींनी भिंतीवर हात ठेवून मला दाखवलं, इथे मे महिन्यात पण झिरा असायचा, वाळू उकरली की गोड पाणी, अख्खी आळी हंडे भरायची. तो झिरा मला कुठल्याच नकाशात सापडला नाही. मुंबईला रोज ३८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी सात तलावांतून येतं, त्यातलं बरंचसं लांब शहापूर-मोखाड्याच्या बाजूने, जिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि आम्ही दाराशी असलेला झरा काँक्रीटखाली गाडून टाकतो. जाऊ दे, या विषयावर मी सुरू झालो की थांबत नाही, घरचे पण वैतागलेत.

कोळ्यांकडे मात्र नुसतं ऐकत बसू नकोस, समोर गणित करायला सांग. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. माहीमच्या खाडीत, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते, तिथे हे गणित माहीत असलेल्या माणसाला विचार की उधाणात पाऊस पडला तर पाणी कुठल्या वळणावर तुंबतं, तो बोटाने दाखवतो. तुमच्या गोवळकोटच्या बाजूला पण भरतीचं पाणी येतंच ना, तिथल्या भोयांना हाच प्रश्न विचार. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कोणत्या बाजूने आधी शिरलं हे त्यांच्याकडून ऐकून घे, आणि नंतर गाळ काढायला पोकलेन आले तेव्हा मगर कुठल्या काठाला घर करते हे त्यांना कुणी विचारलं होतं का, ते पण.

आणि वाशिष्ठीचं एक वेगळंच आहे बघ. कोयनेचं पाणी वीज करून साठच्या दशकापासून तुमच्या नदीत सोडतात, त्याच्या आधीची वाशिष्ठी उन्हाळ्यात कशी असायची हे सांगू शकणारी माणसं आता पंच्याहत्तरच्या पुढची आहेत. त्यांच्यापासून सुरुवात कर. बाकीचं पुढच्या वर्षी चालेल, हे नाही चालणार.

बायकांशी वेगळं बसा. पुरुष असले की गप्पा मोठ्या माशांच्या आणि कोण किती शूर होता याच्या. बारीक मासे, खेकडे, शिंपल्या, काठावरच्या भाज्या, हे सगळं बायकांना ठाऊक, पण नवरा बाजूला बसला की त्या चहा करायला उठतात. आणि कुणाचा दिवस घेत असाल तर मजुरी द्या रे, आपल्यासाठी तो रविवार असतो, त्यांचा रोज बुडतो.

आता जे खरं सांगायचंय ते. सगळं रेकॉर्ड करायचं नसतं. नदी आटली की मासे ज्या डोहात, कोंडीत तग धरतात ती जागा गावाला माहीत असते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथले खवले मासे देवीचे म्हणून कोणी पकडत नाही, आणि ते जगजाहीर असूनही टिकलंय कारण तिथं देवी आहे. सगळीकडे देवी नसते. अशा साध्या डोहाचं लोकेशन तू मॅपवर टाकलंस की पुढच्या एप्रिलमध्ये कोणीतरी मासे मारायला ब्लीचिंग पावडरचं पोतं नाहीतर जिलेटीनच्या कांड्या घेऊन हजर. माझ्याकडे अशा जागा रेकॉर्डिंगमध्ये आहेत, मी त्या लिहून काढताना गाळतो, आणि ज्याने सांगितलं त्याला आधी विचारतो की हे बाहेर गेलं तर चालेल का. बऱ्याचदा नको म्हणतात. नको म्हणजे नको, तिथे आपला अभ्यास महत्त्वाचा नाही.

सरकारी बाजू पण आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर कित्येक नोंदवह्या घाईघाईत उरकल्या गेल्या. तुमच्या आजूबाजूच्या ग्रामपंचायतींकडे ती वही मागा, उघडून बघा, आणि त्यात नदीचं काय लिहिलंय ते तिथल्याच म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. चुका काढण्यात माणसं जेवढं बोलतात तेवढं प्रश्नांना उत्तर देताना नाही बोलत, हा माझा सगळ्यात उपयोगी पडलेला डाव आहे.

रेकॉर्डिंग परत नेऊन ऐकवायचं विसरू नका, ब्लूटूथ स्पीकरवर, संध्याकाळी. एकाचं ऐकून दुसरा म्हणतो हे खोटं, आणि मग भांडणात तिसराच काहीतरी भारी सांगून जातो.

गणपतीआधी एक शनिवार-रविवार मी येतो तिकडे, आत्यांना विचारून ठेव त्या वेळी घरी आहेत का, त्यांचं माहेर नदीलाच लागून ना? आणि उत्तर लिहून पाठव, व्हॉइस नोट नको, तुझ्या अकरा-अकरा मिनिटांच्या व्हॉइस नोट ऐकायला मला पेशन्स नाही.

तुझा,
बोरिवलीकर