पोपटातला प्राण

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या अद्भुत कादंबरीचे हस्तलिखित मी या आठवड्यात दोनदा वाचले. अनाथ नायक, जुने भाकीत, पांढऱ्या दाढीचा गुरू, हरवलेली तलवार हे सारे त्यात आहे. मात्र 'हे सगळे आधी कोणीतरी वापरलेलेच आहे' ही तुझी खंत मला पटत नाही. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथा तपासून दाखवले, की पात्रे कितीही बदलली तरी त्यांच्या हातून घडणारी कार्ये ३१ प्रकारांतच बसतात. आपली १८६८ ची 'मंजुघोषा' ही मराठी कादंबरीही अद्भुतरम्यच होती. तेव्हा साचा जुना असणे हा दोष नव्हे.

दोष आहे तो शेवटी, जिथे तुझा काळोखाचा राजा तलवारीच्या एका घावात मरतो. आजीच्या गोष्टीतला राक्षस आठव. त्याचा प्राण साता समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, आणि ते गुपित त्याच्याच तोंडून काढून घेते ती त्याने कोंडलेली राजकन्या, 'तुम्हांला काही झाले तर माझे कसे होईल?' असे लाडीगोडीने विचारून. पुढे पोपटाचा पंख उपटला की राक्षसाचा हात गळून पडतो. (मला लहानपणी पोपटाचीच दया यायची.) येथे जादूला नियम आहे, तो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, आणि म्हणूनच दुबळ्या माणसाने बलाढ्याला मारलेले खरे वाटते. तुझ्या तलवारीला असा कोणताच नियम नाही; तिला जेव्हा जे हवे ते जमते. भाकिताचेही तेच, पण त्याविषयी भेटीत बोलू.

नकाशा सुंदर काढला आहेस, परंतु तुझी नदी डोंगराला वळसा घालण्यासाठी दुभंगते आणि दोन्ही फाटे दोन निराळ्या समुद्रांना मिळतात. अरे, तू संगमावर वाढलास! मुळा आणि मुठा एकत्र येतात. नद्या सहसा मिळतात, फुटतात त्या बहुधा मुखाशी. शिवाय ज्या गडावर तुझे सैन्य सहा महिने वेढा सोसते, त्यावर पाण्याचे एकही टाके नाही. दिवाळीत आलास की सिंहगडावर जाऊ आणि देवटाक्याचे पाणी पिऊनच ते प्रकरण पुन्हा वाचू.

हस्तलिखित सोबत परत पाठवतो आहे; समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. राजकन्येला मात्र सतराव्या प्रकरणाआधी बोलू दे.

तुझा,
जुना वर्गमित्र