मीठ कमी आहे

रत्नागिरी,
4 जुलै

प्रिय वसंता,

आठ महिने झाले, तुझ्या तीन पत्रांना माझं उत्तर नाही. फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणत राहिलो. रागावला असशील तर तुझं बरोबरच आहे. पण परवा दुपारी एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळायची नाही, म्हणून लिहायला बसलो.

तब्येतीचं आधी उरकतो. हिचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, ते तुला ठाऊक आहे. मग दर एकवीस दिवसांनी मुंबई, असे सहा केमो. पाचव्यानंतर पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून सहावा लांबला, तो 14 मेला झाला. केस परत येतायत, तान्ह्या मुलासारखे मऊ. माझी साखर आटोक्यात आहे. झालं.

काकूंचं कोकम सरबत आठवतं ना? वाचनालयातून घामाघूम येऊन आपण तुमच्या पडवीत टेकायचो. काकू पेला हातात द्यायच्या आणि पहिला घोट घशाखाली जायच्या आत विचारायच्या, "मीठ कमी आहे का रे?" कधीच कमी नसायचं. आमचं लग्न झालं त्या मे महिन्यात ही चार दुपारी तुमच्याकडे जाऊन ते शिकून आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात बरणी उभी असते.

यंदा तिला उठवत नव्हतं. मी म्हटलं, विकत आणू. तर म्हणाली, "तुम्ही करा, मी सांगते." आणि खाटेवरून सांगत राहिली. रातांबे धुवायचे, मग एकेक फळ कोरडं पुसायचं, कारण पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते. चिरून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरायची, काचेच्या बरणीत थरावर थर लावायचे. किलोभर सालींना दोन किलो साखर. तोंडाला दादरा बांधून दहा दिवस ऊन. सातव्या दिवशी वळीव आला तेव्हा मी नाक्यावर होतो, वसंता, शाळेत धावलो नसेन इतका धावलो. बियाही तिने टाकू दिल्या नाहीत. वाळवून, कांडून, उकळून वर आलेला तुपासारखा थर मुठीत वळून ठेवायला लावला. ते मुठेल आता रोज रात्री मी तिच्या टाचांच्या भेगांना लावतो.

आणि सरबत तयार झालं तेव्हा हिच्या तोंडात फोड. आंबट बंद. बरणी समोर लालभडक आणि मला ती उघडायचीसुद्धा भीती. त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून मी खूप रडलो. ते तिला माहीत नाही, किंवा असेलही.

डॉक्टरांनी बाहेरचा रस आणि बर्फ आधीच बंद केला होता. दिवसाला अडीच लीटर पाणी पोटात जायला हवं, आणि हिला पाण्याची चव लोखंड चाटल्यासारखी लागायची. मग भाताची पेज तूप-मीठ घालून, नाचणीची आंबील, पातळ ताक, मळमळीला गवती चहा आणि आलं. तेही चमच्याचमच्याने. शेवटी आमचा सौदा ठरला, अर्धी वाटी पोटात गेली की मी दोन पानं वाचून दाखवायची. पुस्तक तिने सांगितलं: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

हो, तेच. 1979 साली माझ्या कार्डावर नेलंस आणि सात महिने दाबून ठेवलंस. आपलं वाचनालय 1828 सालचं. "दीडशे वर्षांत एवढा उशीर कुणी केला नसेल," हे ग्रंथपालांनी सुनावलं मला, दंड भरला मी, आणि तू म्हणालास, एका बाईच्या आठवणींसाठी इतकं काय! तरी दोनदा वाचलं होतंस. ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही, कळलं ना?

लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग आला तेव्हा ही महिन्याभरात पहिल्यांदा हसली. पेशी उतरल्यापासून मी केळंसुद्धा धुऊन सोलत होतो ना! हसताना तोंडातले फोड दुखत होते, तरी "पुन्हा वाचा" म्हणाली. त्या आठवड्यात अंगात कण नव्हता दोघांच्या, पण संध्याकाळची आम्ही वाट बघायचो. दिवा लावायचा, पेजेची वाटी घ्यायची आणि लक्ष्मीबाईंच्या माहेरी, जलालपूरला जायचं.

मग 1895 साल आलं. लक्ष्मीबाईंच्या यजमानांनी, ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांना न सांगता. मी वाचायचा थांबलो. ही छताकडे बघत म्हणाली, "आधी सांगायला हवं होतं त्यांनी. माणसाला तयारीला वेळ लागतो."

वसंता, त्या रात्रीपासून मला झोप नाही. कारण तिचं एकच चाललंय, मला शिकवणं. सरबत झालं, मग पेज झाली. आवळे केव्हा घ्यायचे, गवती चहाची बेटं कधी वेगळी करून लावायची, दुधाचा हिशेब कुठे लिहिलाय, विळी कुणाकडे धारेला द्यायची. मी वहीत लिहून घेतो. हात लिहीत असतो आणि डोक्यात एकच, ही मला तयार करतेय. विचारायचं तर तोंड उघडत नाही. ती नुसती पडून कंटाळली म्हणून सांगत असेल, असंही मनाला समजावतो. पोरं लांब, त्यांना फोनवर हे कसं सांगणार? तू इथे असतास तर आपण भाट्याच्या पुळणीवर जाऊन बसलो असतो, काहीही न बोलता.

मंगळवारी रात्री टिळक जातात तो भाग आला. मे 1919. पुढे लक्ष्मीबाई एकट्या. मी पुढची पानं पटकन उलटली आणि पुढचं वाचायला घेतलं. ही म्हणाली, "मधली पानं गेली कुठे?"

"चिकटली होती."

"मग सोडवा."

सोडवली. सगळं वाचलं, आवाज चिरकला तरी थांबलो नाही. झाल्यावर तिने माझा हात धरला आणि तशीच झोपली. मला वाटतं आमचं जे काही बोलायचं होतं ते बोलून झालं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून म्हणाली, "बरणीतलं द्या थोडं." फोड कधीच गेले होते, पण चव नव्हती म्हणून मागत नव्हती. मी माठातलं पाणी घेतलं, जिरेपूड घातली, मीठ घातलं. तिने घोट घेतला, तोंडात घोळवला. म्हणाली, "मीठ कमी आहे."

चव कळली रे तिला! पाच महिन्यांनी कळली. आणि काकूंचेच शब्द, फक्त प्रश्न नव्हता. मी चिमूटभर टाकलं, तिने अख्खा पेला संपवला आणि वर मला सांगितलं की रातांबे पुसताना घाई झालेली दिसतेय.

पुढच्या गुरुवारी स्कॅन आहे, मुंबईला. रिपोर्ट काय येईल ते येईल असं लिहिता येत नाही मला. मला तो चांगलाच यायला हवाय.

तुझा गुडघा आता कसा आहे? सुनेची बदली झाली का? नातू बोलायला लागला असेल. बडोद्याला पाऊस कसा आहे ते लिही, सविस्तर.

पुतण्याबरोबर एक बाटली पाठवतोय. पेल्याला तीन चमचे, पाणी माठातलं, जिरेपूड वरून. मीठ मी मुद्दाम घातलेलं नाही, ते तू घाल.

तुझा,
बाळ