पत्रा बघ, इंजिन मागाहून

प्रिय चिमणे,

तू घ्यायची म्हणतेस त्या जुन्या फियाटचे फोटो काल रात्री चष्मा लावून दोनदा पाहिले, मग आईला दाखवले तर ती म्हणते कशी, झालं, बापाचा रोग पोरीलाही लागला. मी काही बोललो नाही पण बरं वाटलं. एवढं सगळं व्हॉट्सॅपवर टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही म्हणून सरळ पत्रच लिहून राहिलो, सावकाश वाच, ऑफिसात नको वाचू.

आरसीवर 1971 आहे म्हणतेस, म्हणजे ही पद्मिनी नाव पडायच्या आधीची, पद्मिनी 1974 पासून. 1971 ला ती नुसती फियाट, 1100 डी. पण बॉनेट उघडलं की जवळजवळ तेच, 1089 सीसी, चार सिलेंडर, गिअर स्टेअरिंगखाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून थोडेफार बदल करत हीच गाडी 2000 च्या सुमारापर्यंत निघत राहिली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी तीच होती, म्हणून पार्टची काळजी नको करू, इंजिनचं सामान अजून मिळते, नाही मिळालं तर लेथवाला बनवून देते.

मालक म्हणतो इंजिन चालू आहे. म्हणू दे. इंजिन बंद असतं तरी मला फरक पडला नसता, सिलेंडर बोअर करून पिस्टन-रिंग टाकले की ते पुन्हा जवान होते, पण पत्रा गेला असेल तर हात जोड आणि परत ये. ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासिस नाही, बॉडी हीच चासिस, दरवाज्याखालची ती लांब पट्टी असते नं, सिल म्हणतात, ती सडली की गाडी मधातून वाकते आणि मग दरवाजे लागत नाहीत. म्हणून दरवाजा उघडून थोडा वर उचलून पाहा, मग हळूच सोड, आपोआप खटकन लागला पाहिजे. एक लोहचुंबक घेऊन जा, रुमालात गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा नाही येणार, आणि चाकांच्या कमानीवर, हेडलाइटच्या भोवती, सिलवर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुटी आहे, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप. चमकणाऱ्या गाडीला जास्त तपास, गंजलेली गाडी निदान खोटं बोलत नाही.

हे मी शिकलो आपल्या फियाटवर. तुला ती क्रीम रंगाचीच आठवत असेल, पण आपल्याकडे आली तेव्हा तिला रंग असा नव्हताच. धरमपेठेत एका बंगल्यात कडुनिंबाखाली उभी होती, टायर मातीत रुतलेले. नागपूरची हवा कोरडी, इथे गाडी मुंबईसारखी गंजत नाही असं सगळेच सांगत, पण निंबाची पानं समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत पडून पडून पाणी जायचा रस्ताच बुजला होता, दर पावसाळ्यात पाणी आत मुरलं आणि पायाखालचा पत्रा पापडासारखा झाला होता. कार्पेट उचललं तर खाली थेट जमीन दिसे! आई तेव्हाच म्हणाली होती की परत करा. तुझ्या गाडीत तेच आधी पाहायचं, समोरचं कार्पेट उचल, मालकाला वाईट वाटलं तर वाटू दे.

तो पत्रा सदरच्या एका गल्लीत म्हाताऱ्या डेंटरनी बसवला. त्यांना आम्ही सगळे चाचाच म्हणत असू. काय हात होता बाप्पा! पुठ्ठ्याचा नमुना कापून आधी गाडीत बसवायचे, मग पत्र्यावर आखायचे, मग ठोकायचे, आणि मधेमधे डोळे मिटून नुसता हात फिरवायचे, म्हणायचे डोळ्याला फसवता येते, हाताला नाही. पुटी लावणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. मी ऑफिस सुटलं की तिकडे, आणि रविवारी तू पण माझ्या मागेमागे, तुझं काम नट-बोल्ट रॉकेलच्या डब्यात धुवायचं. फ्रॉकला वास यायचा आणि आई दोघांनाही न्हाणीघरात पाठवायची. सीटचं रेक्झिन मात्र आईनीच पसंत केलं, इतवारीत चार दुकानं फिरून, मरून रंगाचं, आणि खरं सांगतो, पूर्ण गाडीत लोक त्याचीच तारीफ करायचे, माझ्या पत्र्याकडे कोणी पाहिलं नाही.

रंगाचं एक लक्षात ठेव, जुना ड्यूको रंग मारायचा असेल तर पावसाळ्यात मारू नको, हवेतल्या ओलाव्यानी तो पांढरट पडतो. आपण दिवाळीनंतर मारला होता. मुंबई-पुण्याकडचे पेंटर घाई करतील, करू देऊ नको.

आणि उन्हाळा. चिखलदऱ्याला निघालो होतो मे महिन्यात, परतवाड्याच्या पुढे घाट सुरू झाला आणि गाडी खोकून बंद. तू मागच्या सीटवर रडून राहिली होतीस. पेट्रोल टाकीत भरपूर, स्पार्क पण येऊन राहिला होता. ह्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असते, इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही, मेकॅनिक म्हणतात एअर पकडली. मी माझा पंचा सुरईतल्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला, थोडं थांबलो, लागली. मागून आलेल्या एका जीपवाल्यानी हसून विचारलं, काहून जी, ताप आला काय गाडीले? वरपर्यंत तो पंचा ओला करत करत गेलो आणि त्या जीपवाल्याच्या आधी पोचलो, कारण तो मधात चहाला थांबला होता, पण हे मी कोणाला सांगत नाही. एसी नव्हता तरी पुढच्या दरवाज्याची तिकोनी काच उलटी फिरवली की सगळी हवा अंगावर यायची, ती काच आजकालच्या गाड्यांमधून काढून टाकली हे मला अजून पटत नाही.

आता तुझ्यासाठी एक नवीन भानगड आहे जी आमच्या वेळी नव्हती. पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल आलं आहे आणि जुनं रबर त्यानी फुगते, नरम पडते, मग फाटते. म्हणून घेतल्याबरोबर पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची किट, सगळं बदलून टाक, गाडी कितीही छान चालत असली तरी. गाडीत अग्निशामक ठेव, लहानवाला चालते.

कागदांचं. 50 वर्षांवरच्या गाडीला 2021 पासून विंटेजची वेगळी नोंदणी मिळते, व्हीए लिहिलेली पाटी, फी 20 हजार, दहा वर्षं चालते. पाहायला छान वाटते पण मग ती गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. माझं मत विचारशील तर घेऊ नको. आरसी जिवंत असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा आणि भाजी आणायला घेऊन जा, फियाट उभी राहिली की बिघडते. चासिस नंबर मात्र स्वतः वाचून आरसीशी जुळवून घे, आणि आरसी मालकाच्या वडलांच्या नावावर असेल तर आधी त्याला नाव बदलून घ्यायला लाव, मगच पैसे दे.

रात्री सिग्नलला थांबली की दिवे मंद होतील, घाबरू नको, डायनॅमो आहे, इंजिन हळू चाललं की तो वीज कमी देते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की परत उजळते.

तर रविवारी जाशील तेव्हा चुंबक, टॉर्च आणि जुना टॉवेल घेऊन जा, टॉवेल गाडीखाली झोपायला. मला वरून फोटो नको, खालून पाठव, चारही चाकांच्या आतून आणि डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा. पत्रा चांगला निघाला तर मी पुढच्या आठवड्यात येतो, आईला अजून सांगितलं नाही, तू पण नको सांगू.

तुझा,
बाबा