रिद्धपूरच्या ग्रंथालयात धर्माची पुस्तकं येणार कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाबद्दल पेपरात अधूनमधून काही ना काही येत असतं, जागा, इमारत, कोर्सेस, नेमणुका, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर जरा जास्तच. पण तिथल्या ग्रंथालयात काय घेणार आणि कुठून घेणार यावर कुणी चकार शब्द काढलेला माझ्या तरी वाचनात आला नाही. मी विदर्भातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता रिटायर आहे, त्यामुळे ही गोष्ट मला टोचते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा.

विद्यापीठ भाषेचं आहे हे मान्य, पण ग्रंथालय धर्माचं होणारच, त्याला इलाज नाही. जुन्या मराठीतून धर्म बाजूला काढला तर हातात उरतं काय, थोडे शिलालेख आणि काही बखरी. आणि गाव तरी कुठलं निवडलंय, चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं रिद्धपूर, महानुभाव पंथाची काशी, जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लिहिला. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारून विचारून, एकेक लीळा, म्हणजे आठवण, गोळा केली या माणसानं. आता त्याच गावातलं ग्रंथालय जर तीन कोटेशन मागवून भरलं तर कसं व्हायचं?

कारण आपल्याकडे पुस्तकखरेदी कशी होते ते सांगतो. वर्षभर ग्रँट येत नाही, मग फेब्रुवारीत येते आणि मार्चएंडच्या आत संपवायची असते. पुस्तकविक्रेत्यांकडून कोटेशन घ्यायचं, ज्याचा डिस्काउंट जास्त त्याला ऑर्डर, आणि तो देतो काय तर त्याच्या गोडाऊनला जे पडलंय ते. धर्म म्हटलं की जाडजूड इंग्रजी सेट येतात. मॅक्समुल्लरनं काढलेली पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची ५० खंडांची माला, तिची रिप्रिंटं, विश्वकोश वगैरे. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास तर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण मॅक्समुल्लरचे ५० च्या ५० खंड नेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यावर ग्रँट उडवून कपाट भरल्याचं समाधान तेवढं मिळतं.

जे नेटवर नाही आणि कुठल्याच विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये येत नाही ते कुठे मिळतं तर आषाढीला पंढरपुरात, फुटपाथवर, प्लास्टिकच्या कागदाखाली. तिथे वेगवेगळ्या फडांचे, म्हणजे वारकऱ्यांच्या गटांचे, हरिपाठ असतात आणि कुठला अभंग कुठल्या क्रमानं म्हणायचा यात फडाफडांत फरक असतो, तो फरक फक्त त्या पाच-दहा रुपयांच्या चोपडीतच छापलेला असतो. महानुभाव आश्रम आपल्या उपदेश घेतलेल्या अनुयायांपुरती पुस्तकं छापतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे बुद्धवंदनेच्या छोट्या पुस्तिका, भीमगीतांच्या चोपड्या, गावच्या विहाराची स्मरणिका असं काय काय मिळतं. १९५६ नंतर साध्या माणसांनी नवा धम्म घरात कसा आणला, लग्न कसं लावलं, बाळाचं नाव कसं ठेवलं, हे कुणाला अभ्यासायचं असेल तर त्याला याच पुस्तिका लागणार, मोठ्या ग्रंथात ते सापडत नाही. दर्ग्याच्या उरुसात मराठीत छापलेल्या चरित्राच्या पुस्तिका मिळतात त्या पण घ्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांचा योगसंग्राम मराठीतच आहे ना.

मी स्वतः एकदा पंढरपूरहून कॉलेजसाठी पिशवीभर अशा चोपड्या आणल्या. दुकानदारानं पावती दिली ती एका जुन्या हँडबिलाच्या मागच्या बाजूला, पेननं, एकूण रक्कम आणि खाली सही. अकाउंट्सवाले म्हणाले छापील बिल आणा, टॅक्स नंबर आणा, पुस्तकांवर आयएसबीएन नाही, किंमत नाही, काहींवर तर साल पण नाही, ॲक्सेशनला, म्हणजे ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टरला, घेणार कसं? त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. शेवटी पैसे माझेच गेले आणि चोपड्या माझ्या घरी आल्या, नंतर सवयच लागली.

यावर कुणी म्हणेल की असला कचरा विद्यापीठानं का साठवायचा. त्यांना फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्ताची कथा, आठवून द्यावंसं वाटतं. गोव्यात राचोलला १६१६ मध्ये ते छापलं, पुढे १६४९ आणि १६५४ ला परत छापलं, म्हणजे तीन आवृत्त्या, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि आज त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत कुठे असल्याचं ठाऊक नाही. आपल्याला ते वाचायला मिळतं ते लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या म्हणून, त्यातली देवनागरीतली एक तर लंडनला आहे. तेव्हा छापलं म्हणजे टिकलं या भ्रमात कुणी राहू नये.

दुसरी गोष्ट आवृत्त्यांची. खरेदी समितीत कुणीतरी हमखास म्हणतं की तुकोबांची गाथा आहे आपल्याकडे, परत कशाला. अहो कुठली गाथा? सरकारनं १९५० ला काढली तिच्यात ४६०७ अभंग आहेत, ती उभी आहे १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या गाथेवर, आणि वारकऱ्यांच्या हातात ज्या गाथा आहेत त्यांच्यात आकडा वेगळा, क्रम वेगळा, पाठ वेगळे. ज्ञानेश्वरीचं तेच, एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली एक आणि इतिहासकार राजवाड्यांनी १९०९ ला छापलेली एक. लीळाचरित्राच्या, अभ्यासक वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या १९७८ च्या आवृत्तीवरून तर वाद कोर्टापर्यंत गेला. ग्रंथालयानं या भांडणात पडायचंच नाही, सगळ्या आवृत्त्या एका फळीवर शेजारी शेजारी लावायच्या आणि वाचणाऱ्याला वाचू द्यायचं. तसंच भांडणाच्या दोन्ही बाजू पण घ्यायच्या. मिशनऱ्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक (सुरू १८४२) ठेवला तर त्यांच्याशी मुंबईत समुद्रकिनारी वाद घालणारे विष्णुबुवा ब्रह्मचारीही पाहिजेत, आणि १८९१ चं जोतीरावांचं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पण त्याच खोलीत पाहिजे, समाजशास्त्राच्या कपाटात कोपऱ्यात नको.

कपाटावरून आठवलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पुस्तकांना ड्युईच्या पद्धतीनं, म्हणजे विषयवार, नंबर देतात. त्यात धर्माला २०० ते २९९ जागा, पण २२० पासून २८९ पर्यंत बायबल आणि ख्रिस्ती धर्मच, बाकी सगळं जग २९० च्या घरात कोंबलेलं, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. आणि तुकोबा तर तिथेही नाहीत, कारण गाथा ही कविता, तिचा नंबर ८९१.४६१, म्हणजे मराठी काव्य, वेगळा मजला. पोरगा वारकरी पंथावर प्रबंध लिहायला येतो, २९४.५ समोर उभा राहतो आणि तिथे त्याला इंग्रजी पुस्तकं दिसतात. नंबर बदला असं मी म्हणत नाही, सगळी घडी विस्कटेल, पण कॉम्प्युटरवर नोंद करताना विषयाच्या रकान्यात वारकरी, महानुभाव, दत्त, नाथ, समर्थ संप्रदाय हे शब्द मराठीतच टाकायला किती वेळ लागतो? आणि नोंद देवनागरीतच करावी हो, रोमनमध्ये ज्ञानेश्वरी शोधायची म्हणजे टाइप करणाऱ्यानं त्या दिवशी कुठलं स्पेलिंग केलं असेल याचा अंदाज बांधत बसायचं.

हस्तलिखितांचा विषय नाजूक आहे. मठात, आश्रमात, कीर्तनकारांच्या घरी बाडं आहेत, पोथ्या आहेत, महानुभावांकडे त्यांच्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीतल्या आहेत, आणि विद्यापीठाची गाडी दारात आली की लोक बिचकतात, रास्तच आहे, नेलेली पोथी परत आली नाही असे अनुभव आहेत लोकांना. म्हणून मूळ प्रत जिथे आहे तिथेच राहू द्यावी, स्कॅनर तिकडे न्यावा, एक कॉपी त्यांना एक आपल्याला. यासाठी फार लांब बघायला नको. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, आणि त्याच अमरावतीला कॉलेजात शिकवत असताना हिरालाल जैन यांनी जवळच्या कारंज्याच्या जैन भांडारातले (ग्रंथसंग्रहातले) अपभ्रंश भाषेतले ग्रंथ अभ्यासून छापले. षट्खंडागम या दिगंबर जैनांच्या प्राचीन ग्रंथाचा पहिला भाग १९३९ मध्ये निघाला तोही अमरावतीहूनच. मराठीच्या आधीची भाषा ज्याला शिकायची त्याला कारंजा टाळून चालणारच नाही, आणि मला नाही वाटत तिथल्या मंदिराच्या मंडळींना कुणी नीट जाऊन भेटलं तर ते नाही म्हणतील.

मागणं तसं छोटं आहे. खरेदीच्या बजेटमधला एक हिस्सा कोटेशनमधून सोडवा आणि फिरणाऱ्या माणसाच्या हातात आगाऊ द्या, हँडबिलाच्या मागची पावती चालेल असा ठराव आधीच करून ठेवा म्हणजे ऑडिटला बोलायला जागा नको. आषाढी-कार्तिकी, दीक्षाभूमी, चैत्यभूमी, रिद्धपूरचीच यात्रा, माळेगावला खंडोबाची जत्रा, हा त्याचा दौरा. माणूस असा पाहिजे ज्याला जमिनीवर बसून पुस्तकं चाळायची लाज वाटत नाही.

माझ्या घरच्या त्या चोपड्या आता दोन पेट्या भरून झाल्यात. विद्यापीठानं माणूस पाठवला तर देऊन टाकतो, पैसे नकोत, सत्कार तर अजिबात नको. फक्त बाइंडिंगला देण्याआधी स्टेपलच्या पिना काढून घ्या, गंजून कागद खातात, आणि मुखपृष्ठं फाडून फेकू नका, छापखान्याचं नाव बऱ्याचदा तिथेच असतं.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, वर्धा