तंबाखू सोडा म्हणता, मग शिकवायला कधी येता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

31 मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचल्या. शाळेच्या मुलांची फेरी, शपथ, डॉक्टरांचं व्याख्यान आणि शेवटी दरवर्षीचं ठरलेलं वाक्य, ‘शेतकऱ्यांनीही पर्यायी पिकांकडे वळावे, असे आवाहन करण्यात आले.’ हे आवाहन ज्यांना केलं त्यांच्यातली मी एक. निपाणीजवळ माळाला आमचं थोडं रान आहे आणि त्यात सासऱ्यांच्या आधीपासून विडीचा तंबाखू होतो. घरात विडी कुणी ओढत नाही. तंबाखू चांगला की वाईट यावर मला वाद घालायचा नाही, तो वाईटच. पण तो सोडायचा कसा, आणि सुटेपर्यंत नीट पिकवायचा कसा, हे सांगायला आमच्या बांधावर कोण येतं, एवढंच मला विचारायचं आहे.

सासरे सांगायचे, त्यांच्या काळी सरकारचा माणूस तंबाखूच्या रानात नेमाने यायचा, पण तो कराचा. 1979 पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर होता. रान किती, माल किती, सगळं लिहून जायचं. 1979 मध्ये तो कर उठला आणि तो माणूसही यायचा बंद झाला. पुढे 1981 साली शरद जोशींच्या मागे या भागातले शेतकरी भावासाठी निपाणीच्या हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी परत सांगत नाही. मला एवढंच दिसतं की सरकारला आमचं पीक कर घ्यायला दिसलं, बंदोबस्त ठेवायला दिसलं, शिकवायला मात्र कधी दिसलं नाही.

आमच्याच कर्नाटकातल्या हुणसूर, पिरियापट्टणकडचा शेतकरी बघा. तो व्हर्जिनिया तंबाखू लावतो, सिगारेटचा. त्याच्यासाठी 1976 पासून तंबाखू मंडळ आहे, गुंटूरला त्याचं मुख्य कार्यालय. शेतकऱ्याची नोंदणी होते, किती पिकवायचं ते ठरतं, मंडळाचा अधिकारी रानात जातो, आणि माल 1984 पासून लिलावाच्या फडावर विकला जातो. विडीच्या तंबाखूला हे मंडळ लागू नाही. आमचा माल वखारीत जातो. व्यापारी मूठभर पत्ती उचलून नाकाशी नेतो, चुरगाळतो, भाव सांगतो. वर कडता, म्हणजे वजनातली कपात, धरतो ती वेगळीच. धूर दोन्हीचा सारखाच, तरी एकाला मंडळ आणि दुसऱ्याला वखारीची पायरी.

आता शिकवायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते.

दिवाळीच्या आगेमागे खुडणी असते. झाडाला फुलाचा तुरा यायच्या आत शेंडा खुडायचा, मग पानांच्या बेचक्यात येणारे फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे पान जाड होतं. हे काम बायकांचं. दिवस लहान, म्हणून उजाडताच रानात जायचं. त्या वेळी पानावर दव असतं. तासाभरात पोलक्याच्या बाह्या ओल्या, लुगडं कमरेपर्यंत ओलं, आणि बोटांवर काळा चिकट डिंक, जो लिंबू चोळलं तरी जात नाही. दुपारी भाकरीचा पहिला घास कडूजहर लागतो. काहींना तेवढ्यावर भागतं. काहींना मळमळतं, गरगरतं, उलटी होते, बांधावर आडवं व्हावं लागतं. आमच्याकडे म्हणतात, ‘हिला तंबाखू लागला.’ नवीन सुनेला लागायचाच, मग सवय होते, असं सासूने मला सांगितलं होतं आणि मीही दोघी-तिघींना तेच सांगितलं असेल.

माझी पुतणी नर्सिंग शिकली, तेव्हा तिच्याकडून कळलं की हे पित्त नाही आणि ऊनही नाही. पानातलं निकोटिन दवात आणि घामात विरघळतं आणि कातडीतून अंगात जातं. दव वाळल्यावर रानात उतरा, लांब बाह्यांचा जुना शर्ट घाला, रबरी हातमोजे घाला, ओले कपडे अंगावर ठेवू नका, जेवणाआधी साबणाने हात धुवा, पोटुशी बाई आणि लहान पोरं त्या कामाला लावू नका. एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं इतक्या वर्षांत कुठल्याही शेतकी साहेबाला मिळाली नाहीत. विडी ओढणाऱ्यासाठी पुडक्यावर पंच्याऐंशी टक्के जागेत धोक्याचं चित्र छापतात. विडी वळणाऱ्या बाईसाठी 1966 चा कायदा होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पान खुडणारी बाई या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवली आहे.

दुसरं बंबाखूचं. शहरातल्या वाचकांना हे नाव गमतीचं वाटेल. तंबाखूच्या मुळावर जगणारं हे बांडगूळ. ना पान, ना हिरवा रंग, बुडाशी जमिनीतून फिकट कोंब वर येतात आणि त्यांना जांभळट फुलं लागतात. कोंब दिसेपर्यंत खाली व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. आमच्यात उपटून बांधावर टाकायची रीत. बी धुळीसारखं बारीक, पावसाच्या पाण्याबरोबर परत रानात, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. फूल यायच्या आत उपटून जाळायला हवं, अधूनमधून त्या रानात ज्वारी, तीळ, मूग अशी पिकं फिरवायला हवीत, हे शास्त्रज्ञांना केव्हाचं माहीत आहे. निपाणीत कृषी संशोधन केंद्र आहे, तंबाखूचे वाण तिथे निघतात. केंद्रात आहे ते ज्ञान आणि माझा बांध यांच्यामध्ये जो माणूस असायला हवा, तो नाही. त्याच्या जागी औषधाचा दुकानदार आहे. पान दाखवलं की तो बाटली काढतो. त्याला दोष देत नाही, त्याचा धंदा आहे. पण तरव्याभोवती, म्हणजे रोपांच्या वाफ्याभोवती, एरंड लावला की पानं खाणारी अळी आधी त्यावर अंडी घालते, ती पानं अंड्यांसकट तोडून टाकता येतात, हे तो कशाला सांगेल? एरंडाच्या बियांत त्याला काय मिळणार?

आता पर्यायी पिकांविषयी. 2015-16 पासून केंद्राची पीक विविधीकरणाची योजना तंबाखू पिकवणाऱ्या दहा राज्यांना लागू झाली, त्यात कर्नाटक आहे आणि महाराष्ट्रही आहे. भारताने 2004 मध्ये जागतिक तंबाखू नियंत्रण करार मान्य केला, त्याच्या सतराव्या कलमात शेतकऱ्याला परवडणारा पर्याय द्यावा असं लिहिलं आहे. कागदावर सगळं ठीक. आमच्यापर्यंत आलं ते मुगाचं बियाणं, आणि ते हाती पडलं तेव्हा निम्मा ऑगस्ट सरला होता. मूग जूनमध्ये पेरायचा की तरव्याची रोपं लावायच्या वेळी, हे वाटणाऱ्यांना कोणी विचारलं नसावं. एक प्रशिक्षणही झालं. ते तालुक्याला, सभागृहात, दुपारी. गावातले पुरुष गेले, चहा-नाष्टा झाला, पिशवीतून घडीपत्रिका आली ती कानडीत. घरातल्या कुणालाच ती धड वाचता आली नाही. मी त्या दिवशी भांगलायला होते.

माळाच्या रानात तंबाखूच का टिकतो, हे त्या सभागृहात कुणी मांडलं असतं तर बरं झालं असतं. पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर तो जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभा राहतो, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. काळम्मावाडी धरणाचं पाणी जिथे जिथे पोचलं तिथे तंबाखू आपोआप गेला आणि ऊस आला, त्यासाठी कुणाला आवाहन करावं लागलं नाही. जिथे पाणी नाही तिथे सोयाबीन आणि त्यावर हरभरा किंवा शाळू, हा हिशेब जमू शकतो. आमच्या भावकीत काहींनी जमवलाही आहे. पण लावणीच्या वेळी व्यापारी तंबाखूवर उचल देतो, त्यातून पोराची फी भागते, गणपती भागतो. हरभऱ्यावर उचल कोण देणार? बियाण्याच्या पिशवीबरोबर सोसायटीचं कर्जही वेळेवर मिळायला हवं, नाहीतर दुसऱ्या वर्षी माणूस मुकाट्याने परत तरवा टाकतो. बरं, महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातलं रान आमच्या रानाला लागून. माती तीच, वखार तीच. तरी तिकडची योजना इकडे नाही आणि इकडची तिकडे नाही. हरभऱ्याच्या घाट्याला सीमावाद कळत नाही, अळी तर दोन्हीकडे सारखीच.

आता तरवे टाकायचे दिवस आले आहेत. दोन्ही राज्यांच्या शेती खात्यांना माझं सांगणं आहे की यंदा सभागृह राहू दे. आत्ता एकदा तरव्यावर या, दिवाळीत एकदा खुडणीला या, दव वाळल्यावर, आणि बोलवाल तेव्हा बायकांना बोलवा. मराठीत बोला. येताना हातमोज्यांचे जोड आणा, सत्काराची शाल नको. ज्यांनी तंबाखू सोडून सोयाबीन-हरभरा केला त्यांच्या रानात आम्हाला न्या, त्यांचा जमाखर्च त्यांच्याच तोंडून ऐकवा, तोटा झाला असेल तर तोही.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या बाजारभावाच्या सदरात गुळाचा भाव असतो, सोयाबीनचा असतो, कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा असतो. तंबाखूचा नसतो. फेब्रुवारी ते मे या हंगामात निपाणीच्या वखारींतला दर, प्रतवारीसह, आठवड्यातून एकदा छापावा. व्यापाऱ्याच्या दारात उभं राहताना निदान आजचा आकडा तरी हातात असेल.

कळावे,
आपली,
एक तंबाखू उत्पादक शेतकरी
(निपाणी तालुका, जि. बेळगाव. कृपया नाव प्रसिद्ध करू नये, वखारीशी अजून व्यवहार आहे.)